दगड शोधायला आलात की माणसं? : कालिकत, १४९८

२० मे १४९८ च्या संध्याकाळी कालिकतच्या थोडं उत्तरेला तीन पोर्तुगीज जहाजांनी नांगर टाकला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर उतरला तो वास्को द गामा नव्हे, तर त्याने पुढे धाडलेला एक कैदी. पोर्तुगालमध्ये शिक्षा झालेली अशी दहा-बारा माणसं मोहिमेवर मुद्दाम घेतलेली होती. अनोळखी किनारा आला की आधी त्यांनी उतरायचं, जिवाचं बरंवाईट झालं तर त्यांचं होईल, असा हिशेब.

किनाऱ्यावरच्या लोकांना या माणसाची भाषा कळेना. त्यांनी त्याला ट्युनिसहून आलेल्या दोन मुसलमानांकडे नेलं. त्या दोघांना कॅस्टिलची आणि जिनोआची बोली येत होती. त्यांचे पहिले शब्द होते, ‘सैतान नेवो तुला, इथे कसा आलास?’ मग त्यांनी विचारलं, एवढ्या लांब काय शोधायला आलात? उत्तर आलं, ‘ख्रिस्ती माणसं आणि मसाले.’ त्यांनी आणखी विचारलं, कॅस्टिलचा राजा, फ्रान्सचा राजा, व्हेनिसचं सरकार, यांच्यापैकी कुणी माणसं का नाही पाठवली? उत्तर होतं, पोर्तुगालचा राजा त्यांना पाठवू देणार नाही.

हा संवाद मोहिमेवरच्याच एका माणसाने ठेवलेल्या रोजनिशीत आहे. युरोपीय लोक समुद्रापार का निघाले, या प्रश्नाला शाळेत ‘धर्म, धन आणि कीर्ती’ असं तीन शब्दांचं उत्तर पाठ करून घेतात. ते चूक नाही. पण तीन शब्द शेजारी शेजारी मांडले की कुठला हेतू कुणाचा होता, कुठला आधी आला आणि पैसा कुणी घातला, हे सगळं पुसलं जातं. म्हणून इथे एकच मोहीम घेऊन ती उकलून बघू. पद्धत साधी आहे: बखरकार हेतूबद्दल काय म्हणतो ते नंतर ऐकायचं, आधी जहाजात काय भरलं होतं ते बघायचं.

जहाजात काय होतं

८ जुलै १४९७ ला लिस्बनजवळच्या रेश्तेलूहून चार जहाजं निघाली. सांव गाब्रिएल वास्कोकडे, सांव राफाएल त्याचा भाऊ पावलू याच्याकडे, बेर्रियू हे कारावेल जातीचं हलकं जहाज निकोलाव कुएल्युकडे आणि चौथं फक्त शिध्याचं जहाज. सगळी मिळून दीडशे ते पावणेदोनशे माणसं.

पहिली दोन जहाजं याच प्रवासासाठी बांधलेली होती. त्यांच्या बांधणीवर बार्तोलोमेउ दियशने देखरेख केली. हाच दियश १४८८ मध्ये आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडून, खलाशांनी पुढे जायला नकार दिल्यावर परत आला होता. त्याचा अनुभव असा की तिरक्या शिडाचं कारावेल किनाऱ्याकिनाऱ्याने वाऱ्याविरुद्ध चालायला उत्तम, पण पाण्यात फार खाली बसतं आणि दक्षिणेच्या मोठ्या लाटांपुढे टिकत नाही. म्हणून यावेळी चौकोनी शिडांची, उंच बाजूंची जहाजं केली. ती आकाराने मात्र लहानच होती, शंभर टनांच्या आसपासची. मिऱ्यांची मोठी खरेदी करून परतायचं असतं तर याहून मोठी तारवं लागली असती. जी जागा होती ती शिध्याला दिलेली होती. साठ्याचं जहाज तर परत आणायचंच नव्हतं. आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या मॉसेल बे इथे शिधा इतर जहाजांवर चढवून ते मोडून टाकलं.

जहाजांवर वीसेक तोफा होत्या. तीन दगडी खांब होते, वर क्रूस आणि खाली पोर्तुगालच्या राजाची ढाल कोरलेले. त्यांना पाद्रांव म्हणत. क्रूस आणि राजचिन्ह एकाच दगडात कोरलेलं, त्यामुळे खांब उभारला की देवाचं नाव आणि राजाचा हक्क दोन्ही एकदम रोवले जात. दोन दुभाषे होते, एक अरबी जाणणारा आणि एक काँगोकडची भाषा जाणणारा. मलबारची भाषा जाणणारा एकही नव्हता. राजाची दोन पत्रं होती, एक पोर्तुगीजमध्ये आणि एक अरबीत. आणि धर्मांतर करायला निघालेल्या मिशनऱ्यांचं पथक या मोहिमेवर नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. ख्रिस्ती माणसं ‘शोधायची’ होती, ‘करायची’ नव्हती.

आता व्यापाराचा माल. लांबेल नावाचं पट्ट्यापट्ट्यांचं जाडं कापड, तांबड्या टोप्या, हॅट, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध, शिवाय घंट्या, मणी आणि कडी. ही यादी ज्याने गिनीच्या व्यापाराचा अभ्यास केला आहे त्याला लगेच ओळखू येते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पन्नास वर्षं जो माल खपत आला तोच इथे भरला होता. म्हणजे लिस्बनमध्ये बसून ज्यांनी तयारी केली त्यांच्या डोळ्यांपुढे जगातला एक मोठा बाजार नव्हता, आफ्रिकेचाच पुढचा किनारा होता. कालिकतला जे हसं झालं त्याचं बीज इथे आहे.

पायऱ्या

या सामानाच्या मागे ऐंशी वर्षं आहेत. सुरुवात १४१५ मध्ये होते. त्या वर्षी राजा जुआंव पहिला याने मुलांना बरोबर घेऊन मोरोक्कोचं सेउता हे बंदर जिंकलं. हेतू बराचसा लढाईचा आणि धर्माचा होता: मुसलमानांकडून एक शहर घ्यायचं, राजपुत्रांनी तिथेच शौर्य दाखवून सरदारकी मिळवायची. सेउता हाती आलं, पण सहाराच्या पलीकडून तिथे येणारा सोन्याचा व्यापार हाती आला नाही. काफिल्यांनी वाट बदलली. उरला तो फक्त शिबंदीचा खर्च.

राजपुत्रांपैकी एन्रिक, ज्याला जग ‘नॅव्हिगेटर’ म्हणतं, त्याने मग काफिल्यांना वळसा घालून समुद्राने दक्षिणेकडे माणसं पाठवायला सुरुवात केली. तो धर्मयोद्ध्यांच्या टेम्पलर संघाच्या जागी उभ्या राहिलेल्या ख्रिस्तसंघाचा प्रशासक होता. संघाचं उत्पन्न आणि देशातल्या साबणाचा मक्ता त्याच्याकडे होता. १४३४ मध्ये जील आन्निशने बोजादोरचं भूशिर ओलांडलं. दहा वर्षांत, ८ ऑगस्ट १४४४ ला, लागुश गावाबाहेरच्या मैदानात २३५ आफ्रिकी माणसं विक्रीसाठी वाटून मांडली गेली. आईपासून मूल, भावापासून भाऊ वेगळा केला गेला. एन्रिक घोड्यावर बसून बघत होता आणि पाचवा हिस्सा म्हणून ४६ माणसं त्याच्या वाट्याला आली. हे वर्णन त्याच्याच गौरवासाठी लिहिणाऱ्या झुरारा या बखरकाराने केलं आहे.

याच झुराराने एन्रिकच्या शोधमोहिमांची पाच कारणं दिली आहेत: पलीकडे काय आहे हे जाणून घेणं, तिथे ख्रिस्ती असतील तर त्यांच्याशी व्यापार, मुसलमानांची सत्ता किती दूर पसरली आहे याचा अंदाज, त्यांच्याविरुद्ध मदत करील असा एखादा ख्रिस्ती राजा, आणि धर्मप्रसार. सहावं कारण राजपुत्राच्या पत्रिकेतले ग्रह. गुलामांचा पैसा या यादीत कारण म्हणून कुठेही नाही. बखर वाचताना हे भान हवं. दरबारी लेखक हेतू सांगतो तेव्हा तो धन्याला शोभेल असा हेतू सांगतो, आणि तरी तो सगळाच खोटा नसतो.

पुढच्या पायऱ्या भराभर चढल्या गेल्या. १४५५ च्या पोपच्या फर्मानाने या किनाऱ्यांवरचा पोर्तुगीज मक्ता मान्य केला. १४५७ मध्ये आफ्रिकेच्या सोन्याचं नवं नाणं पाडलं गेलं. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धासाठी ते पाडलं, म्हणून नाव ‘क्रुझादु’. साडेतीन ग्रॅम सोन्याच्या त्या चकतीत धर्मयुद्ध आणि व्यापार असे एकत्र ओतलेले आहेत की वेगळे काढताच येत नाहीत. १४६९ मध्ये फेर्नांव गोमिश या लिस्बनच्या व्यापाऱ्याला गिनीचा व्यापार मक्त्याने दिला गेला. अट होती वर्षाला दोन लाख रेइस (पोर्तुगीज नाणं) आणि दरवर्षी नवा शंभर लीग (अंतराचं जुनं माप) किनारा शोधून देणं. शोध हा इथे भाड्याचा भाग आहे. १४८२ मध्ये आजच्या घानात एल्मिनाचा किल्ला उभा राहिला आणि सोनं नियमितपणे लिस्बनला येऊ लागलं.

दियश आणि गामा यांच्या मोहिमा उभ्या आहेत त्या या पैशावर. धर्मयुद्ध तोट्यात गेलं म्हणून सोन्याचा शोध सुरू झाला, सोन्याच्या वाटेवर गुलाम मिळाले, गुलाम आणि सोनं यांनी पुढच्या जहाजांचा खर्च भागवला, आणि त्या जहाजांवर पुन्हा जुनं धर्मयुद्धाचं स्वप्न चढलं.

१४५३ चं काय

तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतलं, मसाल्यांचा मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीयांनी नवा मार्ग शोधला, हे उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं आहे. या प्रकरणात ते बसत नाही. सेउता त्याच्या ३८ वर्षं आधीचं आहे, बोजादोर १९ वर्षं आधीचं. शिवाय मलबारची मिरी युरोपात जात ती मुख्यतः कॉन्स्टँटिनोपलवरून नव्हेच. ती तांबड्या समुद्राने जेद्दाला, तिथून कैरोला आणि अलेक्झांड्रियाला जाई. दुसरी वाट सीरियातून बैरुतला. दोन्ही ठिकाणी व्हेनिसचे व्यापारी ती उचलत. हे सगळं इजिप्त-सीरियाच्या मामलुक सुलतानांच्या ताब्यात होतं. तुर्कांनी इजिप्त घेतलं १५१७ मध्ये, म्हणजे गामा घरी पोचून अठरा वर्षं झाल्यावर.

मार्ग बंद नव्हता, महाग होता. मामलुक सुलतान जबर कर घेत, मधूनमधून मिऱ्यांचा मक्ता स्वतःकडे ठेवत, आणि पुढचा नफा व्हेनिसकडे जाई. पोर्तुगालची तक्रार मसाले मिळत नाहीत ही नव्हती. त्या साखळीत आपला हात कुठेच नाही, ही होती. सडलेल्या मांसाचा वास झाकायला मिरी लागे, ही दुसरी गोष्टही सोडून द्यावी. ज्याला मिरी परवडत असे त्याला ताजं मांस सहज परवडे, आणि मांस टिकवायला मीठ होतं.

वारा

मोहिमेचा सर्वांत धाडसी भाग हिंदी महासागरात नाही, अटलांटिकमध्ये आहे. केप व्हर्दे बेटांवरून ३ ऑगस्टला निघाल्यावर गामाने आफ्रिकेचा किनारा सोडला आणि तो पश्चिम-दक्षिणेकडे प्रचंड वळसा घेत गेला. किनाऱ्याने गेलं की समोरून वारा आणि प्रवाह लागतो; लांब वळसा घेतला की दक्षिणेचे पश्चिमी वारे पाठीवर मिळतात. जमीन पुन्हा दिसली ४ नोव्हेंबरला, तीन महिन्यांनी. कोलंबसने कॅनरी बेटं सोडल्यापासून जमीन दिसेपर्यंत ३६ दिवस लागले होते, त्याच्याशी तुलना केली म्हणजे हा पल्ला कळतो.

अक्षांश काढायला सूर्याच्या क्रांतीची, म्हणजे विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनाची, कोष्टकं लागत. पोर्तुगीज खलाशांना त्यासाठी आब्राहाम झाकुतू या ज्यू खगोलज्ञाच्या कामाचा मोठा आधार होता. त्याची पंचांगवजा कोष्टकं १४९६ मध्ये लेइरिया इथे छापली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजा मानुएलने ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी हजारोंचा बळजबरीने बाप्तिस्मा झाला. झाकुतू देश सोडून गेला. ज्या राजाने हिंदुस्थानकडे ख्रिस्ती मित्र शोधायला जहाजं पाठवली त्याच राजाची ही दोन कृत्यं एकाच वर्षभरातली आहेत, आणि त्याच्या मनात ती एकाच कार्याचे भाग होती.

पूर्व आफ्रिकेत मालिंदीच्या राजाने वाटाड्या दिला. तो गुजराती असल्याचं पोर्तुगीज बखरकार सांगतात. प्रसिद्ध अरब नौकाशास्त्रज्ञ इब्न माजिद हाच तो, ही लोकप्रिय समजूत बहुतेक अभ्यासकांनी सोडून दिली आहे. २४ एप्रिलला निघून १८ मे ला मलबारचे डोंगर दिसले. नैऋत्य मोसमी वारा सुरू होत होता, म्हणून अरबी समुद्र २३ दिवसांत पार झाला.

परतीला हाच समुद्र त्यांना खाऊन गेला. २९ ऑगस्टला कालिकत सोडलं तेव्हा घाई होती, भांडण झालं होतं आणि वाऱ्याचं गणित सांगणारं कुणी सोबत नव्हतं. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला माहीत असतं की नारळी पौर्णिमेला दर्या शांत होऊ लागतो तो किनाऱ्यावरच्या मासेमारीपुरता. आफ्रिकेकडे नेणारा ईशान्येचा वारा स्थिरावायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडावा लागतो. हे लोक किनाऱ्याने वर आले, कारवारसमोरच्या, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर जहाजं साफसूफ केली आणि ५ ऑक्टोबरला निघाले. पलीकडचा किनारा दिसला २ जानेवारी १४९९ ला. २३ दिवसांचा प्रवास तीन महिन्यांचा झाला. हिरड्या सुजून दातांवर चढत, पाय सुजत, मग माणूस मरे. आधी तीस गेले होते, या टप्प्यात आणखी तीस गेले. एकेका जहाजावर शीड ओढायला सात-आठ माणसं उरली. मालिंदीला पोचल्यावर गामाने आधी संत्री आणायला माणूस पाठवला. पुढे हात पुरेनात म्हणून सांव राफाएल जाळून टाकावं लागलं. पावलू द गामा वाटेत आझोर बेटांवर वारला. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी माणसं घरी पोचली.

सामुतिरीचा प्रश्न

२८ मे ला गामा तेरा माणसं घेऊन कालिकतचा राजा सामुतिरी याच्या, म्हणजे आपल्या पुस्तकांतल्या झामोरिनच्या, भेटीला निघाला. वाटेत त्यांना एका मोठ्या देवळात नेलं. रोजनिशी त्याला सरळ ‘चर्च’ म्हणते. दगडी बांधकाम, दारापाशी खांब, गाभाऱ्यात मूर्ती. ती कुमारी मारिया समजून ते गुडघे टेकून प्रार्थना करतात. पुजाऱ्यांनी तीर्थ शिंपडलं, भस्म दिलं. भिंतींवर संतांची चित्रं होती, त्यांचे दात तोंडाबाहेर आलेले आणि प्रत्येकाला चार-पाच हात, असं लेखक नोंदवतो, आणि तरीही ते संतच म्हणतो.

मूर्खपणा म्हणून हा प्रसंग बाजूला टाकता येत नाही. त्यांच्या जगात माणसांचे प्रकार थोडे होते: ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू, आणि आफ्रिकेत पाहिलेले ‘देव नसलेले’ लोक. हे लोक मुसलमान नव्हते, देवळात घंटा आणि मूर्ती होत्या, म्हणजे ख्रिस्तीच, थोडे वाट चुकलेले. शिवाय पूर्वेकडे प्रेस्टर जॉन नावाचा बलाढ्य ख्रिस्ती राजा आहे, ही समजूत बाराव्या शतकातल्या एका बनावट पत्रापासून युरोपात रुजली होती. मलबारात सीरियन ख्रिस्ती खरोखरच होते, पण दक्षिणेला, क्रांगनोर आणि कोल्लमकडे. कालिकतला त्यांची गाठ पडली नाही. शोधणाऱ्याला जे सापडायला हवं होतं ते त्याने समोरच्या भिंतीवर पाहिलं.

सामुतिरीसमोर गामा म्हणाला की साठ वर्षं आमचे राजे हिंदुस्थानच्या दिशेने जहाजं पाठवत आहेत, कारण इथे आमच्यासारखे ख्रिस्ती राजे आहेत हे त्यांना माहीत आहे. सोन्याचांदीसाठी नव्हे, ते आमच्याकडे भरपूर आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने नजराणा मांडला. लांबेलचे १२ तागे, ४ तांबड्या टोप्या, ६ हॅट, पोवळ्याच्या ४ माळा, ६ भांड्यांची एक पेटी, साखरेची एक पेटी, तेलाची २ पिंपं, मधाची २. सामुतिरीचे अधिकारी ते बघून हसू लागले. मक्केहून येणारा सर्वांत गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो. राजाला द्यायचं तर सोनं द्या. गामाने सांगितलं की मी व्यापारी नाही, वकील आहे, आणि हे राजाचं नाही, माझं स्वतःचं आहे. नजराणा पुढे जाऊच दिला नाही.

३० मे ला सामुतिरीने त्याला विचारलं: तू श्रीमंत राज्यातून आलास म्हणतोस आणि काहीच आणलं नाहीस. मग शोधायला आलास तरी काय, दगड की माणसं? माणसं शोधायला आलास तर रिकाम्या हाताने का? आणि तुझ्या जहाजावर सोन्याची मारिया आहे असं ऐकतो, ती दे. गामा म्हणाला, ती सोन्याची नाही, आणि असती तरी दिली नसती, कारण तिनेच मला समुद्र पार करून आणलं आहे.

‘दगड’ म्हणजे रत्नं. सामुतिरीच्या दृष्टीने प्रश्न व्यवहाराचा होता. कालिकतला शेती फार नाही. शहर जगत होतं ते बंदराच्या जकातीवर. अरब, इजिप्शियन, गुजराती, जो येईल त्याने जकात भरावी आणि व्यापार करावा. तिथे येणारा माणूस एकतर व्यापारी असतो किंवा वकील, आणि दोघांनाही रीत असते. गामा दोन्ही होता आणि रीत एकाचीही पाळत नव्हता.

माल विकायला ठेवला तर गिऱ्हाईक नाही. पोर्तुगालमध्ये ३०० रेइसला जाणारा उत्तम सदरा इथे दोन फणमला, म्हणजे ३० रेइसला गेला. खलाशांनी पाळीपाळीने शहरात जाऊन अंगावरचे सदरे, हातातली कडी विकली आणि लवंग, दालचिनी, रत्नं थोडीथोडी घेतली, घरी दाखवण्यापुरती. निघताना बंदराची जकात म्हणून ६०० शेराफी नाणी मागितली गेली. गामाने ती दिली नाहीत. त्याची माणसं अडवली गेली, त्याने जहाजावर आलेल्या लोकांना ओलीस धरलं, आणि देवाणघेवाण झाल्यावरही त्यातल्या काहींना घेऊनच निघून गेला. जकात हे चोरांचं मागणं आहे असं त्याला वाटलं. सामुतिरीला वाटलं की हे लोक चोर आहेत. तरीही सामुतिरीने ताडपत्रावर पत्र दिलं: माझ्या देशात दालचिनी, लवंग, आलं, मिरी आणि रत्नं आहेत, त्याबदल्यात मला सोनं, चांदी, पोवळं आणि तांबडं कापड हवं. संपूर्ण मोहिमेत व्यापाराचं सर्वांत स्पष्ट बोलणं हेच आहे.

हेतू कुणाकुणाचे

‘पोर्तुगालचा हेतू’ असं म्हणताना सावध राहिलं पाहिजे. मानुएल १४९५ मध्ये गादीवर आला. हिंदुस्थानच्या मोहिमेवर त्याने सल्ला घेतला तेव्हा बहुतेक सरदार विरोधात होते: दहा-बारा लाख वस्तीचं राज्य, एवढ्या लांब टिकणार कसं, आणि मिळालंच तर व्हेनिस आणि मामलुक दोघांचं वैर ओढवणार. मानुएलने ऐकलं नाही. त्याला खरोखर वाटत होतं की जेरुसलेम मुक्त करण्यासाठी देवाने आपल्याला निवडलं आहे, आणि मामलुकांचं मिऱ्यांचं उत्पन्न तोडलं की ते खिळखिळे होतील. व्यापार हे त्याच्यासाठी धर्मयुद्धाचं हत्यार होतं.

लिस्बनमधल्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांना जेरुसलेमशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी पुढच्या मोहिमांत भांडवल घातलं ते मिऱ्यांसाठी. गामा स्वतः सिनिश गावचा मध्यम दर्जाचा सरदारपुत्र. त्याला बक्षीस म्हणून पैसा, ‘दों’ ही पदवी आणि हिंदी समुद्राचं अ‍ॅडमिरलपद मिळालं, पण त्याने मागितलं होतं सिनिश गाव. राजाने ते देऊ केलं; गाव ज्यांच्याकडे होतं त्या सांतियागु संघाने सोडलं नाही. त्यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. अर्ध्या जगाचा फेरा मारून आलेल्या माणसाला बापाचं गाव हवं होतं. कैद्यांना सुटका हवी होती. आणि ज्या साध्या खलाशांनी सदरे विकले त्यांना मूठभर लवंग.

पुढची यादी

मोहिमेतून काय शिकले हे बघायचं तर पुन्हा मालाकडे यावं लागतं. मार्च १५०० मध्ये पेद्रु आल्वारिश काब्राल १३ जहाजं घेऊन निघाला. आता त्यात नाणी, तांबं, पारा, हिंगूळ, पोवळं आणि उंची कापड होतं, मलबारात खपणारा माल. फ्रान्सिस्कन धर्मगुरूही होते. राजाच्या सूचनांत सामुतिरी अजून ख्रिस्तीच होता, पण त्याचबरोबर मुसलमानांना त्याने हाकलावं अशी अपेक्षाही होती. जकातीवर जगणाऱ्या राजाला ते शक्यच नव्हतं. डिसेंबरमध्ये पोर्तुगीजांनी मुसलमान व्यापाऱ्यांचं मालाने भरलेलं जहाज धरलं, चिडलेल्या जमावाने वखारीवर हल्ला करून पन्नासेक पोर्तुगीज मारले, आणि काब्रालने जहाजं जाळून शहरावर तोफा डागल्या. मग तो कोचीनला गेला. तिथल्या राजाचं सामुतिरीशी हाडवैर होतं, त्याने मिरी दिली.

दरम्यान मानुएलने १४९९ मध्येच स्वतःला ‘इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी’ अशी पदवी लावून घेतली. तेव्हा त्या चारही ठिकाणी त्याच्या मालकीचं एक दगडी घरसुद्धा नव्हतं, तीन कोरलेले खांब सोडले तर. पदवीतले तिन्ही शब्द पुढच्या बारा वर्षांत अंमलात आले: १५०२ मध्ये हाजच्या यात्रेकरूंचं जहाज गामाने माणसांसकट जाळलं, १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मामलुक आरमाराशी लढाई झाली, १५०९ मध्ये दीवला, आणि नोव्हेंबर १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोवा घेतलं.

आणि कार्ताझ आलं. हिंदी महासागरात कुणीही जहाज न्यायचं तर पोर्तुगीजांकडून हा परवाना घ्यायचा, त्यांच्या बंदरात जकात भरायची, मिरी भरायची नाही. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. ज्यांनी कालिकतला ६०० शेराफी जकात द्यायचं नाकारलं तेच आता समुद्राची जकात घेऊ लागले. आदिलशाहीची जहाजंही कार्ताझ घेऊन जात, पुढे अकबराचीही. अकबराच्या काळचा इतिहासकार बदाऊनी एक फतवा नोंदवतो: आता हाजला जाणं सक्तीचं राहिलेलं नाही, कारण खुष्कीने गेलं तर इराणात अपमान सोसावा लागतो, आणि समुद्राने गेलं तर फिरंग्यांचा परवाना जवळ ठेवावा लागतो, ज्यावर मारिया आणि येशूची चित्रं छापलेली असतात.